परभाषेच्या पाण्यात

परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या तरुणाला निरोप देताना आपल्याकडे एक दिलासा हमखास दिला जातो. भाषेची काळजी नको, तिथे राहिले की ती आपोआप येते. पाण्यात पडले की पोहता येतेच. लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाणाऱ्याच्या बाबतीत हा दिलासा कोणी फारसा पारखून पाहिला नाही, कारण इंग्रजीची थोडीबहुत शिदोरी प्रत्येकाच्या गाठीला असे. आता परिस्थिती पालटली आहे. इंग्लंड-अमेरिकेतील शिक्षणाचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडे गेल्यामुळे जर्मनी, फ्रान्स, इटली या देशांकडे विद्यार्थ्यांची दृष्टी वळली आहे. इटलीतील सरकारी विद्यापीठांचे शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि गरजू विद्यार्थ्याला, मग तो परदेशी का असेना, प्रांतिक मंडळांकडून शिष्यवृत्ती, निवास व भोजन यांचे साहाय्य मिळू शकते. सोलापूरच्या दक्षिणेस, विजापूरच्या रस्त्यावर वसलेल्या मंद्रूपसारख्या गावातील शेतकरी कुटुंबालाही विचार करावयास लावील, अशी ही गोष्ट आहे. परंतु इटालियनचा एक शब्दही न येणारा तरुण बोलोन्याच्या किंवा तुरीनच्या स्थानकावर उतरला, तर त्याला ती भाषा खरोखरच आपोआप येईल काय, या प्रश्नाचे उत्तर शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

हा प्रश्न मंद्रूपच्या बाजूने विचारण्यास विशेष कारण आहे. परभाषेच्या परिसरात राहून, तीत बुडी मारून ती शिकण्याची जी पद्धत आज पाश्चात्त्य देशांत वाखाणली जाते, जिला मराठीत अवगाहन म्हणता येईल, ती या भागाला नवी नाही. भीमेपलीकडे कर्नाटक, अलीकडे महाराष्ट्र. परंतु नदीने भाषा विभागलेल्या नाहीत. दक्षिण सोलापूर व अक्कलकोट या तालुक्यांत घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही, अशी वहिवाट अनेक पिढ्या चालत आली आहे. सोलापूर शहरात पाऊल टाकले की तीत तेलुगूची व दखनीची भर पडते. भीमा-सीना संगमावरील कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, शिलालेख आहे. मराठीच्या आद्य कालनिर्दिष्ट लेखांत त्याची गणना होते, आणि तो याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. मराठीचा इतका जुना पुरावा ज्या भूमीने जपला, त्याच भूमीतील काही गावे कर्नाटकात घालावीत अशी शिफारस १९६७ साली महाजन आयोगाने केली. ती अमलात आली नाही आणि वादही संपला नाही. राजकारणाने नकाशावर रेघा ओढल्या. लोकांच्या जिभेवर मात्र दोन्ही भाषा नांदत राहिल्या.

या सहजीवनाचे कौतुक करताना त्याची एक दुसरी बाजू नजरेआड होते. घरात केवळ कन्नड ऐकलेले सहा वर्षांचे मूल मराठी शाळेच्या पहिल्या वर्गात जाऊन बसते, तेव्हा तेही परभाषेच्या पाण्यात पडलेलेच असते. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा या भागात आहेत. परंतु प्रत्येक वस्तीला ती सोय नाही, आणि पुढील शिक्षणाचा व नोकरीचा विचार करून मराठी शाळा पत्करणारे पालकही पुष्कळ आहेत. त्यात वावगे काही नाही. पण त्या मुलाचे पहिले वर्ष बहुधा मुकाट्याने जाते. शिक्षिकेला कन्नड येत असेल तर ते निभावते. येत नसेल तर ‘मूल मंद आहे’ असा शेरा त्याच्या कपाळी येतो. विशीतला तरुण इटलीत जाऊन सहा महिने गप्प राहिला तर आपण त्याला ‘भाषा आत्मसात करतो आहे’ असे म्हणतो. सहा वर्षांचे मूल सहा महिने गप्प राहिले तर त्याला अभ्यासात कच्चे ठरवतो. कसोटीचा हा भेद कशामुळे, याचा विचार झाल्याखेरीज अवगाहनाची चर्चा पुरी होणार नाही.

भाषाशास्त्रज्ञांनी या भेदाची दखल केव्हाच घेतली आहे. कॅनडातील माँट्रिअलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहावरून एक प्रयोग सुरू झाला. त्यांची मुले बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकू लागली. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट व त्यांचे सहकारी यांनी या मुलांची प्रगती अनेक वर्षे तपासली. मुलांना फ्रेंच उत्तम आली आणि त्यांच्या इंग्रजीचेही काही बिघडले नाही, असा निष्कर्ष निघाला. अवगाहनाच्या पद्धतीचा जगभर जो बोलबाला झाला त्याचा उगम या प्रयोगात आहे. परंतु त्याच लँबर्ट यांनी एक महत्त्वाची मर्यादाही दाखवून दिली. या मुलांची मातृभाषा प्रतिष्ठेची होती. ती कोणी हिरावून घेणार नव्हते. आरंभी मूल इंग्रजीत बोलले तर शिक्षकाला ते कळत होते. फ्रेंच ही त्यांच्या मूळ भांडवलात पडलेली भर होती. याउलट, ज्या मुलांची घरची भाषा शाळेत हिणवली जाते किंवा बेदखल केली जाते, त्यांच्या बाबतीत नवी भाषा जुनीला वजा करीत येते. पहिले अवगाहन, दुसरे नुसते गटांगळ्या खाणे. पाणी तेच असले तरी घाटाच्या पायऱ्या उतरून शिरणारा आणि काठावरून ढकलला गेलेला, यांची गत एक होत नाही.

हा धडा गिरवण्यास इटलीसारखा दुसरा देश नाही, कारण इटालियन लोक स्वतःच इटालियनचे नवशिके विद्यार्थी होते. १८६१ साली इटलीचे एकीकरण झाले तेव्हा दर शंभरांतील जेमतेम अडीच माणसे इटालियन बोलत असावीत, असा अंदाज तुल्लिओ दे माउरो या भाषापंडिताने मांडला. इतर अभ्यासकांनी हे प्रमाण काहीसे अधिक धरले. तरीही बहुसंख्य प्रजेला राष्ट्रभाषा परकी होती, याविषयी दुमत नाही. व्हेनिसचा कोळी, नेपल्सचा हमाल आणि सिसिलीचा मेंढपाळ आपापल्या बोलीत जगत होते. शाळा, लष्कर, शहरांकडे होणारे स्थलांतर आणि पुढे दूरचित्रवाणी यांनी ही भाषा घरोघर नेली. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी या शिक्षकाने इटलीच्या दूरचित्रवाणीवर निरक्षर प्रौढांचे वर्ग घेतले. हातात कोळसा घेऊन मोठ्या कागदावर चित्रे काढीत तो अक्षरे शिकवी. लक्षावधी शेतकरी-कामगार त्याचे विद्यार्थी झाले.

याच काळात तोस्कानाच्या डोंगरात, फ्लॉरेन्सपासून फार दूर नसलेल्या बार्बियाना नावाच्या वस्तीत एक विलक्षण शाळा चालली होती. दोन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूला १९५४ साली तेथे धाडण्यात आले, ते एका परीने त्याला अडगळीत टाकण्यासाठीच. त्याने सरकारी शाळेत नापास ठरलेली शेतकऱ्यांची मुले गोळा केली आणि त्यांना सकाळपासून सायंकाळपर्यंत शिकवले. त्यांतील आठ मुलांनी मिळून लिहिलेले शिक्षिकेस पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने निघाले आणि इटलीच्या शिक्षणव्यवस्थेला हादरा बसला. मराठी वाचकांनाही हे पुस्तक ‘प्रिय बाई’ या नावाने परिचित आहे. त्याचा गाभा असा की, गरीब मुले बुद्धीमुळे मागे पडत नाहीत. शाळा ज्या भाषेत बोलते ती वरच्या वर्गाची भाषा असते आणि मुलांपाशी ती नसते, म्हणून ती मागे पडतात. बार्बियानाच्या जागी मंद्रूप आणि तोस्कानाच्या डोंगराऐवजी भीमाकाठची काळी जमीन ठेवली, तर हे पत्र भाषांतराशिवायही कळावे.

परंतु बार्बियानाची आणखी एक गोष्ट प्रस्तुत विषयाला थेट येऊन भिडते. मिलानीने आपली ही खेडवळ मुले परदेशी पाठवली. पंधरा-सोळा वर्षांची पोरे इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी या देशांत उन्हाळ्यात जात, मिळेल ते काम करीत आणि तेथील भाषा शिकून परत येत. परीक्षेत फ्रेंच शब्दांची दुर्मीळ अनेकवचने बिनचूक लिहिणाऱ्या, पण फ्रान्सात गेल्यावर स्वच्छतागृह कोठे आहे हेही विचारू न शकणाऱ्या विद्यार्थ्याची त्यांनी पत्रात मार्मिक चेष्टा केली आहे. म्हणजे अवगाहनाचा पुरस्कार त्यांनीही केलाच. पण तत्पूर्वी काय घडले होते ते विसरता कामा नये. या मुलांना स्वतःच्या भाषेत वृत्तपत्र वाचता येत होते, वाद घालता येत होता, पत्र लिहिता येत होते. परक्या देशात ती गेली ती मान वर करून गेली. आपल्याला काही कळत नाही याची लाज न बाळगता विचारण्याची सवय त्यांना बार्बियानातच लागली होती. परभाषा शिकणाऱ्याचे पहिले भांडवल शब्दसंग्रह नसून हे धैर्य असते, आणि ते ज्याच्या मातृभाषेचा मान राखला गेला त्याच्याच ठायी सहसा आढळते.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे वळू. इटलीला जाणारे बहुतेक भारतीय विद्यार्थी इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेतात. इटालियन माध्यमासाठी युरोपात मान्य असलेल्या सहा पायऱ्यांपैकी चौथी, म्हणजे ‘बी-दोन’, सर्वसाधारणपणे गाठावी लागते. इंग्रजी माध्यमाला ती अट नसते. यात सोय आहे, तसा सापळाही आहे. वर्गात इंग्रजी, खोलीत हिंदी किंवा तेलुगू, रात्री दूरध्वनीवर मराठी, आणि दुकानात हातातील यंत्राने केलेला अनुवाद, अशी दिनचर्या असेल तर दोन वर्षे इटलीत राहूनही माणूस इटलीत राहिलेला नसतो. तो पाण्याजवळ असतो, पण नावेत बसलेला. परिणाम पदवीनंतर दिसतो. कारखान्यात उमेदवारी करावयाची, दवाखान्यात रुग्णाशी बोलावयाचे, लहान उद्योगात नोकरी धरावयाची, तर इटालियन लागतेच. आणि तेव्हा हाताशी वेळ उरलेला नसतो. पहिल्या आठवड्यापासूनच त्याची चुणूक मिळते. देशात पोहोचल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत निवासाच्या परवान्यासाठी टपाल कचेरीतून अर्ज करावा लागतो. त्या खिडकीपलीकडच्या कारकुनाला इंग्रजी यावे असा कायदा नाही. मंद्रूपच्या तलाठ्याला इटालियन यावी असा तरी कोठे आहे?

इंग्रजीच्या या सोयीबद्दल खुद्द इटलीतही मोठा वाद झाला. मिलानच्या तंत्रविद्यापीठाने २०१२ साली असे ठरवले की, पदव्युत्तर अभ्यासक्रम यापुढे संपूर्णपणे इंग्रजीतूनच चालावेत. प्राध्यापकांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण थेट घटना न्यायालयापर्यंत गेले. २०१७ च्या निर्णयात न्यायालयाने इंग्रजी अभ्यासक्रमांना मज्जाव केला नाही. परंतु देशाच्या भाषेला विद्यापीठातून हद्दपार करता येणार नाही, असे स्पष्ट केले. उच्च शिक्षणातील मराठीच्या स्थानाची चर्चा करणाऱ्यांनी हा निकाल अवश्य अभ्यासावा. परदेशी विद्यार्थ्यानेही त्यातून एक खूण ओळखावी. ज्या समाजाने आपली भाषा एवढ्या निकराने राखली, त्याच्या अंगणात त्या भाषेवाचून वावरणारा मनुष्य कायमचा पाहुणाच राहणार.

अवगाहनाच्या यशाची उदाहरणे देताना झुंपा लाहिरी यांचे नाव हटकून घेतले जाते. बंगाली आईबापांच्या पोटी जन्मलेली ही इंग्रजी लेखिका २०१२ साली कुटुंबासह रोमला जाऊन राहिली, इंग्रजी वाचन तिने दूर सारले आणि २०१५ साली इटालियनमध्ये लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध केले. हे यश निर्विवाद असले तरी ते आपोआप आलेले नाही. रोमला जाण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे ती या भाषेचा पाठपुरावा करीत होती. शिकवण्या लावीत होती, टिपणवह्या भरीत होती. शिवाय तिच्यामागे मान्यता पावलेले एक वाङ्मयीन आयुष्य उभे होते. चुकत बोलण्याने तिचे काही जाणार नव्हते. शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षेच्या गुणांवर अवलंबून असलेल्या, घरी कर्ज ठेवून आलेल्या तरुणाला असे सुरक्षित अपयश परवडत नाही. म्हणून त्याला पूर्वतयारीची गरज अधिक असते.

सोलापूरकरांना याहून जवळचे आणि अधिक बोलके उदाहरण उपलब्ध आहे. ते इटलीचे नाही, चीनचे आहे. पण नवशिक्याने परक्या देशात भाषा कशी शिकावी याचा तो वस्तुपाठ आहे. सोलापुरात १९१० साली जन्मलेले आणि मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून चीनला गेले. चिनी लिपी आणि चिनी स्वर यांच्याशी मराठी माणसाचे काडीइतकेही नाते नाही. तरीही ते जखमी सैनिकांशी बोलत, परिचारिकांना सूचना देत ती भाषा शिकले; इतकी की, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून काम पाहताना ते चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकाचे लेखनही त्यांनी हाती घेतले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा चिनी लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘के दिहुआ’ असे होते. चार वर्षांत हे कसे घडले? कोटणीस तेथे काही मिळवण्यासाठी गेले नव्हते. देण्यासाठी गेले होते. त्यांच्या एका शब्दावर रुग्णाचे प्राण अवलंबून असत. ज्याच्यावाचून दुसऱ्याचे अडते, त्याला भाषा लवकर येते. केवळ ग्राहक म्हणून जगणाऱ्याला ती उशिरा येते, कारण दाम मोजून त्याचे काम भागते. इटलीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने शेजारच्या वृद्धाची पिशवी उचलावी, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळी लाटून दाखवावी, मैदानावरील संघात शिरावे; भाषेचे खरे वर्ग तेथे भरतात.

महाराष्ट्राचा इटलीशी संबंध तसा जुना आहे. १९०७ साली सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले आणि एका पिढीच्या मनात इटलीने घर केले. पुढे दुसऱ्या महायुद्धात खेड्यापाड्यांतील मराठे सैनिक त्या भूमीवर लढले. नाईक यशवंत घाडगे यांनी १९४४ साली तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि शिपाई नामदेव जाधव यांनी १९४५ साली सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे त्याच लढाईत पडले. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिकांनी प्राण दिले. मोंतोने या गावी २०२३ साली घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. इतके असूनही इटालियन भाषेशी आपला परिचय झाला तो इंग्रजीच्या मध्यस्थीने. मॅझिनीही इंग्रजीतूनच आला. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी जर्मन, फ्रेंच या भाषांचा पुस्तकांच्या साहाय्याने अभ्यास केला, हे खरे. पण असे अपवाद वगळता, युरोप म्हणजे इंग्रजी ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली.

या समजुतीने आपले एक मोठे नुकसान केले आहे. इटालियन शिकण्यासाठी मराठी किंवा कन्नड माणसाजवळ जे उपजत साहित्य आहे, ते इंग्रजीच्या आडरस्त्याने गेल्यामुळे वाया जाते. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आंबा कर्ता आहे आणि आवड ‘मला’ होते. इटालियनमध्ये नेमके हेच घडते : ‘मि प्याचे’. आंबे अनेक झाले की मराठीत ‘आवडतात’, इटालियनमध्ये ‘प्याच्चोनो’. कन्नडमध्येही ‘ननगे इष्ट’, म्हणजे ‘मला’ पसंत. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी मात्र ‘मी’ कर्ता धरून अडखळत बसतो. पुरुष ‘मी गेलो’ म्हणतो, स्त्री ‘मी गेले’. इटालियन पुरुष ‘सोनो आन्दातो’ म्हणतो, स्त्री ‘सोनो आन्दाता’. सलगीने बोलताना त्यांचा ‘तु’ आपल्या ‘तू’चा सख्खा भाऊ आहे आणि आदरार्थी संबोधन त्यांच्याकडेही वेगळे आहे. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, हा एकेरी-दुहेरी व्यंजनांचा भेद ‘हला’ आणि ‘हल्ला’ यांत फरक करणाऱ्या कानाला शिकवावा लागत नाही. शब्दाच्या अखेरीस स्वर हवाच, ही इटालियनची सवय ‘ओंदु, एरडु, मूरु’ मोजणाऱ्या कन्नड मुलाच्या अंगवळणी पडलेली असते. सोलापूरच्या विणकरांची तेलुगू तर याच स्वरान्त गोडव्यामुळे ‘पूर्वेकडील इटालियन’ म्हणून ओळखली गेली; पंधराव्या शतकातील इटालियन प्रवासी निकोलो दे कोन्ती याच्याकडे या तुलनेचे श्रेय परंपरेने दिले जाते. इटालियन शिकण्यास जे हवे ते मंद्रूपच्या बाजारात आधीच बोलले जात आहे. ते दाखवून देणारा शिक्षक तेवढा हवा.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. परत आल्यावर इटालियनचा उपयोग काय? पदवी इंग्रजीत मिळते, नोकरी इंग्रजीवर मिळते. मग सहा महिने एका लहान देशाच्या भाषेवर का खर्चावेत? आक्षेप व्यवहारी आहे, पण हिशेब अपुरा आहे. ज्या समाजात दोन-तीन वर्षे काढावयाची तेथे आजारपण येते, घरमालकाशी तंटा होतो, कराराच्या कागदावर सही करावी लागते. भाषा न येणारा मनुष्य अशा वेळी दुसऱ्याच्या दयेवर असतो आणि दलालाच्या हाती सापडतो. एकटेपणाने खचणारे विद्यार्थी बहुधा अभ्यासाने खचलेले नसतात; दिवसचे दिवस कोणाशी मनमोकळे बोलता न आल्याने ते आतून पोखरले जातात. शिवाय जो एक भाषा अशी जिंकतो त्याला दुसरीची भीती उरत नाही.

यास्तव काही गोष्टी करण्याजोग्या आहेत. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांत निवड झाल्यापासून प्रस्थानापर्यंतचा काळ भाषाशिक्षणासाठी बांधून द्यावा आणि त्याचा खर्च शिष्यवृत्तीचाच भाग मानावा. सहापैकी निदान दुसरी पायरी चढल्यावाचून विद्यार्थ्याने विमानात बसू नये. मग तेथील पाणी त्याला तारील. पेरूजा व सिएना येथे परदेशीयांना इटालियन शिकवणारी खास विद्यापीठे आहेत. तेथील एखाद्या सत्राची जोड मिळाल्यास उत्तमच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूने कित्येक पिढ्यांना परकीय भाषा शिकवल्या. सोलापूर विद्यापीठाने आपल्या परिसरात असे केंद्र उभारावे आणि त्यातील पाठ्यपुस्तके मराठी व कन्नड यांच्या आधारे रचावीत. विद्यार्थ्यांनीही पहिल्या वर्षी तरी आपल्या बांधवांच्या घोळक्यात बिऱ्हाड करण्याचा मोह आवरावा.

पण या सर्वांहून निकडीची सुधारणा मंद्रूप परिसरातील पहिलीच्या वर्गात व्हावयास हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे सांगितले. त्याच वर्षी महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा केला. या दोहोंत विरोध नाही. विरोध आहे तो पायऱ्या न बांधता मुलाला पाण्यात ढकलण्याशी. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा लादण्यावरून राज्यात रणधुमाळी माजली आणि शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात सीमेवरील कन्नड मुलाच्या पहिल्या वर्षाचा विचार अभावानेच झाला. सीमावर्ती तालुक्यांत पहिली-दुसरीच्या वर्गांवर दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत, दोन्ही भाषांतील चित्रमय वाचनपुस्तके द्यावीत, मूल कन्नडमध्ये उत्तरले तर त्याचे उत्तर बरोबर धरावे आणि मग तेच मराठीत म्हणून घ्यावे. यात मराठीचे काहीही उणे होत नाही. उलट जे मूल हसतखेळत मराठीत येते, तेच पुढे तिला आपली म्हणते. बेळगाव-निपाणीच्या मराठी मुलांसाठी जो न्याय महाराष्ट्र मागतो, तोच आपल्या हद्दीतील कन्नड मुलांना देण्याने त्या मागणीचे बळ वाढेल.

परदेशी जाऊन भाषा शिकण्याची किमया कोणत्याही देशाच्या हवेत नसते. नवागताला चुकू देणारा समाज, त्याच्या भाषेचा मान राखणारा शिक्षक आणि पाण्यात उतरण्यापूर्वी पायाखाली आलेल्या दोन-चार पायऱ्या, यांत ती असते. इटलीने त्या आपल्या शेतकऱ्यांसाठी बांधल्या आणि बार्बियानाच्या मुलांनी त्या कोठे मोडक्या आहेत ते निर्भयपणे दाखवून दिले. मंद्रूपच्या मुलांसाठी त्या पहिलीच्या वर्गापासून बांधल्या गेल्या, तर पुढे बोलोन्याला जाणाऱ्याला भाषेचे भय राहणार नाही. आणि जे कोठेच जाणार नाहीत, त्यांचे शाळेतील पहिले वर्ष तरी मुके जाणार नाही.